दोनशे चौदा नंबरचा उंबरा

बेनिग्नाच्या झोपायच्या खोलीला वीतभर उंच लोखंडी उंबरा होता आणि दारावर पितळी आकडा, दोनशे चौदा. दोन्ही ‘आल्बोरादा’ जहाजावरचे. त्या जहाजानं आधी श्रीमंतांना मिरवलं, मग लढाईत सैनिक वाहिले, मग पोटासाठी देश सोडून निघालेली माणसं. म्हातारपणी त्याचं हॉटेल करायचं म्हणून ओढून नेत होते, तर वादळात दोर तुटले आणि ते फुएर्तेव्हेंतुरा बेटाच्या खडकांवर येऊन बसलं. हॉटेल व्हायचं राहिलं ते राहिलंच. पण गावानं त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी आरसे. पाद्रीबाबांनीसुद्धा गुपचूप एक बाक नेला. बेनिग्नाचा नवरा रुपेर्तो होडीतून दार घेऊन आला, तेही चौकट-उंबऱ्यासकट. एवढा उंच उंबरा कशाला, घरात लाटा येणार आहेत का, म्हणून ती आठवडाभर त्याच्याशी भांडली होती.

रुपेर्तो मासेमारीहून आला की त्याच उंबऱ्यावर बसून बूट काढायचा. मधला भाग घासून घासून चकचकीत झाला होता. आता रुपेर्तो नव्हता. ओहोटीला दिसणारी जहाजाची शेवटची फासळीही गेल्या हिवाळ्यात बुडाली. आणि मुलगा येराय हट्टाला पेटला होता.

“आई, शेजारची पिनो साध्या पायरीवरून पडली, खुबा मोडला. हा उंबरा काढू या गं.”

“तुझा बाप बसायचा तिथं.”

“माहितीय. पण तू पडलीस तर मी काय करू?”

पोराची झोप उडालीय हे तिला दिसत होतं. शेवटी ती हो म्हणाली, आणि येराय उंबरा उखडत असताना परसातल्या शेळ्यांपाशी जाऊन मनसोक्त रडली.

संध्याकाळपर्यंत येरायनं फरशी सपाट करून टाकली. बेनिग्ना खोलीत निघाली आणि सवयीनं पाय उंच उचलला. खाली काहीच नव्हतं. पाय धपकन पडला, तोल गेला, चौकट धरून ती कशीबशी सावरली. तिला धरायला येराय धावला, तर दारात त्याचाही पाय आपोआप वर गेला आणि तोही अडखळला. याच उंबऱ्याला धरून तो उभा राहायला शिकला होता.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग बेनिग्नाला हसू फुटलं.

“उंबरा चालायला शिकवून गेलाय रे आपल्याला,” ती म्हणाली.

अंगणात टाकलेला उंबरा येरायनं उचलून आत आणला, शर्टानं पुसला आणि सिमेंट कालवायला बसला.