खोट नसलेली बिअर

गावात बिअर गाळणारे तिघेच, आणि तिघांचा एकच नेम: महिन्यातून एका रविवारी दुपारी एकत्र बसायचं, एकमेकांची बिअर चाखायची आणि खोट काढल्याशिवाय ग्लास खाली ठेवायचा नाही. कौतुकाला गिऱ्हाइकं होतीच की. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन या धंद्यात पडलेले, त्यांची बिअर हमखास गोडाळ. जाड्याची गडद, करपल्या साखरेची. आणि जिच्या घरी ही बैठक बसायची, तिच्या नवऱ्याची हलकी, सोनेरी. त्याचं नाक इतकं तयार, की कुणाच्या टाकीत काय बिनसलंय ते तो दारातूनच सांगायचा.

तापाच्या दुखण्यात ते नाक गेलं. जिभेला कडू-गोड कळायचं, बाकी सगळं पाणी. हे फक्त तिला ठाऊक होतं. येईल परत, म्हणत तो जुन्या सवयीवर बिअर गाळत राहिला.

आजच्या बिअरला कुबट वास होता, ओली फडकी कोंडून ठेवावीत तसा. तिला तो सकाळीच आला. सांगायला तिने दोनदा तोंड उघडलं, पण तो शीळ घालत ग्लास पुसत होता. तिची जीभ रेटेना.

दुपारी त्याने जाड्याची बिअर ऐटीत हुंगली. "साखर फार करपवलीस रे."

जाड्याने या खेपेला साखर घातलीच नव्हती. तो बोलणार होता, पण वहिनींचा चेहरा बघून त्याने शब्द गिळला. "बघतो पुढच्या वेळी."

मग नवऱ्याची बिअर आली. जाड्याने ग्लास नाकाशी नेला, थबकला आणि एका दमात रिकामा केला. "मस्त झालीय."

"खोट काढायला जागाच नाही," मास्तर टेबलाकडे बघत म्हणाले.

त्याने दोघांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू सांग."

"छान झालीय."

त्याचा चेहरा उतरला. "इथे मला आजवर कुणी छान म्हटलं नाही. तू तर नाहीच. कसला वास येतोय?"

तिला रडू फुटलं. "कुबट येतोय हो."

"आजच?"

"दोन-तीन खेपा झाल्या."

"मग गिऱ्हाइकं कशी येतात?"

मास्तर म्हणाले, "तुझ्यासाठी येतात रे. तुला वाईट वाटू नये म्हणून पितात."

तो उठला, आत गेला आणि टाकीचा नळ पूर्ण सोडला. बिअर फरशीवरून मोरीकडे धावली. खोलीभर असा दर्प सुटला की जाड्याने नाकाला रुमाल लावला. ती पदर तोंडाशी धरून दारात उभी राहिली. तो मात्र त्या फेसात गुडघे टेकून, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा खोल श्वास ओढत होता.