आठ मिनिटांची माया

“आधी प्रश्न वाच, मग उतारा. एखादा शब्द अडला तर त्याच्या दारात बसून राहू नकोस, पुढे चल. आणि घंटा वाजली की पेन्सिल खाली!”

मावशींचा हा आवाज अजून माझ्या कानांत घुमतो. मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. पीळ भरला की टिकटिक करत उलटं मोजायचं आणि शेवटी खणखणायचं, एवढंच माझं काम. नवा होतो तेव्हा आईंनी मला ओव्हनशेजारच्या फळीवर मानाची जागा दिली. माझ्या भरवशावर ठेवलेला केक कधी करपला नाही. आल्यागेल्यासमोर माझं कौतुक व्हायचं.

मग एकदा मी फरशीवर आपटलो. वरून धड दिसलो, पण आतली स्प्रिंग मंदावली. साठ मिनिटांना मी अडुसष्ट घेऊ लागलो. “मेला आळशी झालाय!” आई हसून म्हणाल्या आणि केक वासावरून काढू लागल्या. दुरुस्तीला मात्र मला कुणी नेलं नाही.

त्यांची लेक नर्स. परदेशातल्या इस्पितळात तिची जागा राखून ठेवली होती. अट एकच, इंग्रजीच्या परीक्षेत वाचनाला पुरेसे गुण हवेत. तासाभरात तीन उतारे, चाळीस प्रश्न. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या तिच्या मावशी रोज दुपारी तिला घेऊन बसत. फोनवर वेळ लावली की तिसरा उतारा हमखास अर्धा राही. एकदा तिने वहीवर डोकंच टेकलं.

“मावशी, माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

“अगं, लोकांना सुया टोचतेस आणि कागदाला भितेस?”

दुसऱ्या दिवशी आईंनी मला पुसून टेबलावर ठेवलं. “फोन राहू दे, त्यात सतरा निरोप येतात. हा घे.”

त्या दिवशी तिसरा उतारा पुरा झाला. मग रोजच होऊ लागला. लेक खरोखर सुधारली होती. ओठ न हलवता वाचायची, अडलेल्या शब्दाचा अर्थ शेजारच्या वाक्यांतून काढायची. खोटी होती ती फक्त माझी आठ मिनिटं. मावशी मला टपली मारून म्हणत, “चांगल्या पायगुणाचा आहे हो!” तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

परीक्षेत शेवटचे सहा प्रश्न कोरे राहिले. निकाल अर्ध्या गुणाने हुकला. पुन्हा परीक्षा द्यायला इस्पितळाने दोन महिने दिले, ते शेवटचेच.

“घरी तर रोज पुरं व्हायचं गं, आई. तिथे काय झालं मला?”

आईंचा घास हातातच राहिला. “तुला काही झालं नाही. हा टायमर मागे पडतो. मला ठाऊक होतं. तुझं रडणं बघवेना गं.”

लेकीने ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाली, “मला खरी वेळ हवी होती, आई.”

“देईन. ह्यालाच खरं बोलायला लावीन, शब्द देते.”

मित्रांनो, ज्याच्या मापाने तुम्ही स्वतःला मोजता, ते माप अधूनमधून तपासत जा. आणि आमच्यासारखं कुणी आतून मंदावलं, तर हसून फळीवर ठेवून देऊ नका.

आज सकाळी लेक कामावर गेली. आईंनी आपली रोजची प्रार्थना आटोपली, मला रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं, पायांत चपला सरकवल्या आणि घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाकडे जायला अलगद दार ओढून घेतलं.