जातो म्हणाले काका

संपदाच्या धाकट्या बहिणीचं, ऋचाचं, लग्न झालं ते वर्ष. म्हणजे दोन हजार बावीस. लग्न मे महिन्यात नाशिकला झालं आणि सख्खी मोठी बहीण असून संपदा तिथं नव्हती. जर्मनीतल्या तिच्या इस्पितळात त्या आठवड्याच्या पाळ्या आधीच लागून गेल्या होत्या आणि बदली द्यायला कोणी तयार झालं नाही. मंगलाष्टका तिने फोनवर ऐकल्या, त्याही वॉर्डातल्या चादरी ठेवायच्या खोलीत उभं राहून. पुढची गोष्ट त्यानंतर महिन्याभराची, जूनमधली.

संपदा डॉक्टर होऊनच तिकडे गेली होती. पण मनाच्या आजारांची डॉक्टर व्हायचं तर तिथं पाच वर्षं इस्पितळात शिकाऊ डॉक्टर म्हणून राबावं लागतं. तिचं हे तिसरं वर्ष. इस्पितळ येनापासून रेल्वेने अर्ध्या तासावर, एका लहान गावात. पेशंटशी बोलायचं, बोललेलं लिहायचं, आणि लिहिलेलं वरच्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवायचं. या वरच्या बाई म्हणजे फ्राउ केसलर. साठीला आलेल्या, बोलायला फटकळ, पण कागद मात्र ओळ न् ओळ वाचणाऱ्या.

त्या दिवशी सकाळी दहा वाजता श्रीरंगकाकांना घरी सोडायचं होतं.

काका साताऱ्याचे, वय चौऱ्याहत्तर. सगळी नोकरी सरकारी मोजणी खात्यात. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीच्या खुणा कायम करून द्यायच्या आणि दोन भावांच्या शिव्या खायच्या, असं ते स्वतःच सांगत. हिवाळ्यात त्यांची बायको सुधाकाकू गेली. मुलगा विनय येनात भिंगांच्या कारखान्यात इंजिनीअर. तो त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर आपल्याकडे घेऊन आला. आल्यावर काकांनी आधी जेवण कमी केलं, मग बोलणं. शेवटी नुसते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले, तेव्हा घराजवळच्या डॉक्टरने त्यांना या इस्पितळात पाठवलं. मराठी येणारी डॉक्टर एकच, म्हणून काका संपदाकडे आले.

तीन आठवड्यांत गोळ्यांनी म्हणा, फिरण्याने म्हणा, काका सुधारले. दोन्ही वेळ जेवू लागले. जिन्यापाशी लावलेल्या नकाशात वॉर्डाचा बोळ चाळीस मीटरचा दाखवला होता. काकांनी तो पावलांनी मोजला आणि नर्सला खुणेनं सांगितलं, अडतीस आहे, नकाशा चुकलाय. नर्स हसल्या. संपदाला तर स्वतःचाच आजोबा बरा झाल्यासारखं वाटलं.

सुटीच्या कागदावर एक ठरलेलं वाक्य असतं. पेशंट आत्महत्येच्या विचारांपासून विश्वास ठेवण्याजोगा दूर आहे, अशा अर्थाचं. त्यातला 'विश्वास ठेवण्याजोगा' हा शब्द जर्मनमध्ये ग्लाउबहाफ्ट. हे वाक्य लिहिल्याशिवाय असा कोणी दाराबाहेर पडत नाही. संपदाने काकांना त्यासाठीचे तीन प्रश्न विचारले. काकांनी तिन्हींना "नाही, नाही" म्हटलं. तिने वाक्य लिहिलं, फ्राउ केसलरनी सही केली.

विनय न्यायला आला. काकांनी पिशवी उचलली, दारापाशी वळून हात जोडले आणि म्हणाले, "जातो, बाई."

आणि गेले.

संपदा तिथंच उभी राहिली. आपल्यात निघताना कोणी जातो म्हणत नाही. येतो म्हणतात. लहान पोराच्या तोंडून चुकून जातो निघालं तर आई दटावते. चौऱ्याहत्तर वर्षांचा साताऱ्याचा माणूस, शब्द न् शब्द मोजून बोलणारा, तो जातो म्हणाला. डोळ्यात डोळा घालून म्हणाला.

झालं. तिचा जीव थाऱ्यावर राहिना. अकरा वाजता एक पेशंट तिला आपल्या शेजाऱ्याबद्दल काहीबाही सांगत होता आणि ती मान डोलवत होती, पण कानात एकच शब्द. कॉफी घेतली, ती खिडकीत विसरली. काकांचा कागद तीनदा उघडला, तीनदा मिटला. विनयला फोन लावला, त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, तेव्हा तो तिकडच्या सवयीने 'या, या', म्हणजे जर्मनमध्ये हो, हो, करत म्हणाला, "सगळं ठीक आहे डॉक्टर. अण्णा झोपलेत." झोपलेत म्हटल्यावर तर तिला राहवेना. "बघून या," ती म्हणाली. तो बघून आला. घोरत होते.

दुपारी ती फ्राउ केसलरांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे तो म्हणाला, मी जातो."

"हो."

"सगळा जर्मनी म्हणतो, मी जातो. सगळ्या जर्मनीला भरती करून घेऊ?"

"तुमच्यात तसं म्हणतात. आमच्यात कायमचा जाणाराच तसं म्हणतो."

"मग हे लक्षण आहे की अपशकुन?"

 बाईंनी संपदाकडे नीट पाहिलं. सकाळपासून ही मुलगी जेवलेली नाही हे त्यांना दिसत असावं. "पेशंटच्या घरी जायची पद्धत नाही," त्या म्हणाल्या. "पण मुलाने बोलावलं तर गोष्ट वेगळी. मी त्याच्याशी बोलते. तुम्ही साडेचारच्या गाडीने जा. आणि तिथून मला फोन करा, काहीही असलं तरी."

गाडीत संपदाला बसवेना. जागा रिकामी असून ती दारापाशी उभी राहिली. बाहेर लख्ख ऊन, नदीकाठाने माणसं सायकली हाणत चाललेली. आपण वेडेपणा करतोय असं एका स्टेशनला वाटे आणि उशीर तर नाही झाला असं पुढच्या. येनात उतरल्यावर ट्राम सात मिनिटांनी होती. ती चालतच सुटली.

दार विनयच्या बायकोने, मालिनीने उघडलं. काका स्वयंपाकघरात टेबलाशी बसून शेंगा सोलत होते. संपदाला बघून उठले.

"अहो बाई, तुम्ही? काय फॉर्म राहिला का?"

संपदाला धाप लागली होती. काय बोलायचं ते गाडीत घोळवून ठेवलेलं सगळं विसरलं. "काका, तुम्ही सकाळी जातो का म्हणालात?"

काकांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग त्यांच्या खांद्यांना गदगदा हसू फुटलं. "मालिनी, ऐकलंस का? अहो, दवाखान्यातून निघताना येतो म्हणतात होय? पुन्हा यायचंय का मला तिथं? तुमच्या आईने शिकवलं नाही? दवाखाना, कोर्ट आणि मयताचं घर, इथनं निघताना येतो म्हणायचं नसतं."

"अगदी बरोबर, अण्णा," मालिनी म्हणाली. तिलाही हसू आवरेना.

"आणि तुमच्या त्या नर्सबाया दिवसभर मला या, या म्हणतात. तीन आठवडे ऐकून घेतलं. शेवटी म्हटलं, जातो बाई."

विनय हसला, संपदाही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला लाजही वाटली. आजी असती तर तिने हे एका शब्दात सांगितलं असतं. इंग्रजी शाळेत जाऊन आपली भाषा अशी अर्धीमुर्धी राहिली, आणि त्या अर्ध्या भाषेच्या जोरावर आपण एका भल्या माणसाच्या घरात धावत आलो. तिने चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. सहा वाजले तशी ती उठली.

बाहेरच्या बोळकांडीत सगळ्यांचे बूट ओळीने मांडलेले. सगळे तिला पोचवायला तिथं आले. एका पायात बूट चढवून ती दुसऱ्याची नाडी सोडवत होती, आणि स्वतःवरच वैतागून, अर्धं हसत, वर न बघता बोलून गेली, "म्हणजे काका, मरायचं नाहीये ना तुम्हाला?"



तिने वर पाहिलं. काका हसत नव्हते. मालिनीचा हात दाराच्या कडीवर होता, तो तिथंच राहिला.

"बसा बाई," काका म्हणाले. "एक पाय बुटात घालून असलं विचारू नये."

ती तिथंच जमिनीवर बसली. काका समोरच्या स्टुलावर टेकले.

"तीन आठवडे तुम्ही मला विचारत होतात, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का. ते तुमचं कागदावरचं मराठी. इजा कशाला करू मी? इजा झाली की पुन्हा दवाखाना. मी नाही म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं."

"आणि आता?"

"आता तुम्ही मरायचंय का विचारलंत. त्याला मला नाही म्हणता येत नाही."

 विनय "गेनाऊ, गेनाऊ" असं काहीतरी पुटपुटला, म्हणजे जर्मनमध्ये बरोबर, बरोबर, जसं कामावर सायबाला म्हणतात तसं, आणि बूट ठेवायच्या फळीवर मटकन बसला.

"सव्वीस तारीख ठरवली होती," काका म्हणाले. त्यांचा आवाज मोजणीचा निकाल सांगावा तसा होता. "विनयला म्युनिकला जायचंय, ही पण जातेय बरोबर. सगळं मोजून झालं होतं. इस्पितळात करायचं नव्हतं. तुम्ही शिकताय, तुमच्या नावाला कशाला डाग? म्हणून नीट जेवलो, फिरलो. साताऱ्याच्या घरात परत जाऊन एकट्याने दिवा लावायचा, ते माझ्याने होणार नाही, बाई. एवढंच आहे."

"अण्णा, आम्हाला सांगायचं होतंत," मालिनी म्हणाली.

"विचारलं कुणी? तुम्ही विचारता, अण्णा, बरं वाटतंय ना. त्याला हो म्हणायचं असतं."

संपदाचं डोकं सकाळपासून पहिल्यांदा थाऱ्यावर आलं. "काका, माझ्याबरोबर परत चला. आत्ता."

काकांनी वाकून ओळीतला एक वाकडा बूट सरळ केला. त्या वेळात तिला कळून चुकलं, की ते नाही म्हणाले तर पोलिसांना बोलवावं लागेल, आणि ती बोलावील. मग त्यांनी मालिनीला सांगितलं, "माझा स्वेटर दे. तिथल्या खिडक्या रात्रभर उघड्या ठेवतात."

विनयने गाडी काढली. संपदा मागे काकांशेजारी बसली आणि तिथूनच तिने फोन केला. फ्राउ केसलर घरी न जाता थांबल्या होत्या. वॉर्डात काकांची तीच खोली त्यांना परत दिल्यावर बाईंनी सकाळचा कागद काढला आणि स्वतःच्या सहीवर रेघ मारली.

"म्हणजे तो शब्द लक्षणच होता," त्या म्हणाल्या.

"नाही," संपदा म्हणाली. "ती रीत होती. चूक माझ्या प्रश्नात होती."

बाईंनी तिला खुर्ची दिली आणि बरोबर आणलेला पाव अर्धा कापून तिच्यापुढे ठेवला. "खा आधी. मग तुमच्या भाषेत तो प्रश्न कसा विचारतात ते मला सांगा. माझं पण तेहतीस वर्षं चुकत असेल."

इस्पितळाच्या पत्रावर काकांचा व्हिसा वाढवून मिळाला. ते आणखी नऊ आठवडे तिथं राहिले. पहिला महिना वाईट गेला. संपदाशी ते आठ दिवस बोलले नाहीत, विनयशी त्याहून जास्त. संपदा रोज सकाळी त्यांना तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारत असे. किती तरी दिवस उत्तर हो असंच आलं. ऑगस्टच्या शेवटी एकदा ते म्हणाले, "आज नाही. उद्याचं उद्या विचारा." सप्टेंबरात विनय त्यांना घेऊन साताऱ्याला गेला. रिकाम्या घरात न ठेवता त्याने त्यांना त्यांच्या पुतण्याच्या घरी, माणसांत ठेवलं.

श्रीरंगकाका वारले ते दोन हजार पंचवीस साली, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, साताऱ्यात, पुतण्याच्या घरी, पहाटे, हृदय बंद पडून.