वाटेत भेटलेली चांगली माणसं

सिंगापुरात पाऊल ठेवल्यापासून मधुवंती सरकारदरबारी 'डिपेंडंट' होती. नवरा चारुदत्त रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर. त्याच्या नोकरीच्या पासला हिचा राहण्याचा पास जोडलेला, त्याच्या क्रेडिट कार्डाला हिचं कार्ड, आणि चोआ चू कांग भागातला भाड्याचा फ्लॅट त्याच्या नावावर. पुण्यात ती एका कारखान्याच्या डिझाइन खात्यात हाताखालच्या माणसांना धाकात ठेवायची, हे आता तिचं तिलाच सांगोवांगीचं वाटायचं. घरात कोणी वाईट वागत नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

चाळिशी उलटल्यावर ती सायकलवर बसली. आधी वजन उतरवायला म्हणून पार्क कनेक्टरच्या सायकलवाटेवरून, मग क्रांजीपर्यंत, मग थेट बेटाच्या दुसऱ्या टोकाला चांगीपर्यंत. पंक्चर काढायला शिकली, तुटलेला स्पोक बदलायला शिकली, नखांतलं काळं ग्रीस तसंच ठेवून हळदीकुंकवाला जायला लागली. बायका नाकं मुरडायच्या. तिला त्याची गंमत वाटायची.

आणि एका संध्याकाळी जेवताना तिने सांगून टाकलं. कोपनहेगनहून निघायचं, स्वीडन ओलांडायचा, बोटीने फिनलंड गाठायचं आणि वर ओउलूपर्यंत जायचं. सायकलवर. एकटीने.

"एकटीने म्हणजे?" चारुदत्तने विचारलं. वरणाचा डाव त्याच्या हातात तसाच राहिला.

"म्हणजे एकटीने. पंक्चर झालं तर मी काढीन, वाट चुकले तर मी शोधीन, रडू आलं तर माझी मी रडीन. तू कोणाला फोन करायचा नाहीस, कोणाला सांगायचं नाहीस. घे शपथ."

"अगं, पण काही झालं तर..."

"शपथ घे, चारू."

त्याने डाव ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी शपथ. बस?"

त्यांची चौदा वर्षांची लेक अवनी फोनमधून मान वर न करता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "वा, मा, सो हार्डकोर लाह." अवनीला फोनवरून आपलं ठिकाण दिसत राहील, एवढीच सवलत मधुवंतीने दिली. लेकीला दिसलं तर बिघडत नाही, असं तिला वाटलं.

हे २०१८ सालचं. त्या उन्हाळ्यात स्वीडनचं गवतसुद्धा वाळून पिवळं पडलं होतं. मधुवंतीने दिवसभर पायडल मारावं, संध्याकाळी रानात तंबू ठोकावा, मॅगी शिजवावी आणि गाढ झोपावं. मांड्या भरून यायच्या, समोरून वारा आला की तोंडातून अस्सल पुणेरी शिव्या बाहेर पडायच्या. आपला हात जगन्नाथ! इतकी सुखी ती लग्नानंतर कधी झाली नव्हती. हे लिहिताना तिच्या नवऱ्याबद्दल वाईट वाटतं, पण खरं ते खरं.

त्यातून माणसं काय एकेक भेटावीत! एका रविवारी मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले आणि चाक वेडंवाकडं फिरायला लागलं. गाव समोर दिसत होतं, दुकानं बंद. 'स्पोक गेले, ढकलत निघालेय,' एवढा मेसेज अवनीला टाकून ती चालत राहिली. गावाच्या तोंडाशी एक उंच माणूस जणू वाट बघत असल्यासारखा उभा. म्हणाला, माझं सायकलचं दुकान आहे, चला, उघडतो. पुढे नॉरशॉपिंगला सुपरमार्केटमध्ये दुधाच्या फ्रिजपाशी एक बाई तिच्याकडे बघून म्हणाली, "अय्या, तुम्ही मराठी का?" तिचं नाव नंदा. तिने घरी नेलं, गरम पाण्याने न्हाऊ घातलं, आमटीभात वाढला. फिनलंडमध्ये तुर्कूला बोटीतून उतरली तर बंदरावरच्या एका गृहस्थाने थर्मासमधली कॉफी दिली आणि शहराबाहेरचा नीट रस्ता दाखवला. "मला सायकलवाले आवडतात," असं तो म्हणाला होता.

मधुवंतीने ही माणसं मनात जपून ठेवली. ती कोणाची बायको आहे, कोणाच्या पासवर जगते, हे यातल्या कोणाला ठाऊक नव्हतं. रस्त्यावरची एक दमलेली बाई बघून त्यांनी तिला मदत केली होती. इतक्या वर्षांत तिला तिच्या स्वतःच्या नावावर मिळालेली ही पहिली गोष्ट होती.

ओउलूला पोचून, समुद्रात पाय बुडवून, ती सिंगापूरला परतली ती गणपतीच्या तोंडावर. चोआ चू कांगच्या मराठी मंडळींचा छोटासा गणपती नीतावहिनींच्या कॉन्डो सोसायटीतल्या फंक्शन रूममध्ये बसायचा. नीतावहिनींचा नवरा विलास जहाजावर चीफ इंजिनियर, त्यामुळे वर्षातला निम्मा काळ मंडळाचा कारभार वहिनींच्या एकटीच्या हातात. त्यांनी फर्मान काढलं की रविवारी आरतीनंतर मधुवंतीचा सत्कार.

सत्कार जोडप्याचाच शोभतो, असं कोणीतरी म्हणालं. मग चारुदत्तला बोलावून खुर्चीवर बसवलं. त्याला शाल आणि श्रीफळ दिलं, आणि हिला हळदीकुंकू लावून खणानारळाने ओटी भरली. सायकल हिने मारली आणि शाल त्याच्या खांद्यावर! मधुवंतीला हसू आलं. मोठ्या मनाने तिने ते हसण्यावारी नेलं.

"आता दोन शब्द," नीतावहिनी म्हणाल्या आणि माईक चारुदत्तला दिला.

चारुदत्त बोलायला उभा राहिला. चेहऱ्यावरून आनंद नुसता ओसंडत होता. "मंडळी, आज एक गुपित फोडतो. आमच्या बाईसाहेबांनी मला शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही म्हणून. पण मी पडलो प्रोजेक्ट मॅनेजर. बॅकअप प्लॅन नसला तर मला झोप येत नाही." लोक हसले. "तेव्हा मोडली शपथ! 'मिशन मधुवंती' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. कोपनहेगनपासून ओउलूपर्यंत आपली माणसं. आमची अवनी म्हणजे कंट्रोल रूम, आई कुठे आहे ते ती कळवायची. स्पोक तुटले तेव्हा माझ्या ऑफिसमधल्या स्वीडिश सहकाऱ्याने त्याच्या मामेभावाला रविवारी दुकान उघडायला लावलं. आणि तुर्कूचं श्रेय विलासरावांना. त्यांच्या ओळखीचा बंदरातला एजंट थर्मास घेऊन उभा!"

सुट्टीवर आलेल्या विलासने बसल्या जागेवरून हात वर केला. "वहिनी, कॉफीत साखर बरोबर होती ना? मी मुद्दाम सांगितलं होतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या बाईने मधुवंतीच्या दंडाला चिमटा काढला. "नशीब काढलंस हो! आमच्या ह्यांना मी बाजारात हरवले तरी कळणार नाही."

मधुवंती ओटीचा नारळ दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिने माईक न घेताच विचारलं, "चारू, नंदा पण?"

"नंदा म्हणजे प्रबोधची बहीण, माझ्या कॉलेजातल्या! तासभर दुधाचे डबे खालीवर करत उभी होती बिचारी. तिथल्या लोकांना वाटलं, हिला वेड लागलं."

या वेळी हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर तसंही नव्हतं. बीळ यानेच खणून ठेवलं होतं, आणि ही वेडी ते आपलं समजून त्यात नाचत होती. मधुवंतीला इतका राग आला की कान तापले. पण गणपतीसमोर, खण मांडीवर असताना, रागवायचं कसं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती उठली, माईक घेतला, सगळ्यांचे आभार मानले. विलासरावांचे तर नाव घेऊन मानले. "प्रसाद तयार आहे," नीतावहिनी म्हणाल्या आणि लोक उकडीच्या मोदकांकडे वळले.

घरी जाताना तिघं चालतच निघाली. चालत आपल्या इमारतीखाली आली.

"चिडलीस?" चारुदत्तने विचारलं. शाल त्याने घडी करून काखेत घेतली होती.

"शपथ घेतली होतीस तू."

"मधू, रात्र रात्र झोपलो नाही मी. तुला काही झालं असतं तर?"

"तर ते माझं झालं असतं."

"हे काय बोलणं? तुझ्या जिवापेक्षा शपथ मोठी?" त्याचा आवाज दुखावलेला होता, आणि ते दुखणं खरं होतं. तो जीव टाकत होता तिच्यावर, यात शंकाच नव्हती. त्यामुळे तिला आणखीच असहाय्य वाटलं. वाईट नवऱ्याशी निदान भांडता तरी आलं असतं.

लिफ्टपाशी ती थांबली. "एक विचारते. फिनलंडमध्ये शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी रस्त्याच्या कडेला बसून रडले होते. वाऱ्यापुढे हात टेकले होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तिथे समोरच्या घरातून एक म्हातारी आली. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. हाताला धरून तिने मला पायरीवर बसवलं, उकडलेले बटाटे आणि लोणी दिलं, आणि माझे हात तिच्या ॲप्रनला पुसले. मग मी उठले आणि पुढे गेले." तिने ओटीचा नारळ दुसऱ्या हातात घेतला. "ती पण तुझीच होती का?"

"छे गं!" चारुदत्त लगेच म्हणाला. "ती नाही. अगदी खरं."

मधुवंती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. डोक्यावर हात ठेवून शपथ घेताना हाच चेहरा होता, असाच प्रेमळ, असाच सरळ. खरं बोलताना तो वेगळा दिसतो का, हे वीस वर्षांच्या संसारात तिने कधी पाहून ठेवलं नव्हतं.

ती लेकीकडे वळली. "अवनी, तू सांग. ती म्हातारी ग्रुपमध्ये होती?"

अवनीने आधी बापाकडे पाहिलं.

"नो लाह, मा," ती म्हणाली. "दॅट वन नॉट अस. प्रॉमिस."