माझं हलणं कुणी मानलं नाही

मित्रांनो, सांडोरच्या मैदानात पश्चिमेच्या खांबावर बास्केटबॉलची जी गंजलेली रिंग दिसते, ती मी. समोरच्या खांबावर ती नवी मिरवते. स्प्रिंगवाली, मागे काचेचा बोर्ड! ती आली तेव्हा फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. तिला रोज फडक्यानं पुसतात. खरं सांगते, माझा नुसता जळफळाट होतो.

मीही एकेकाळी लाडकी होते. लोहाराकडून पोरांनी मला खांद्यावर घेऊन वाजतगाजत आणलं होतं. तीस वर्षं मी चेंडू झेलले. नवी आल्यावर मात्र आमच्या संघातल्या ॲनिशाचे पप्पा सणाच्या मांडवासाठी कापलेले केळीचे घड माझ्यावर टांगू लागले. त्या ओझ्यानं माझे बोल्ट ढिले झाले. नव्या रिंगवर टांगायची कुणाची हिंमत आहे का?

गेल्या रविवारी चंदनसारच्या मुलींशी अंतिम सामना होता. आमच्या मुली एका गुणानं मागे होत्या. शेवटच्या क्षणी ॲनिशानं चेंडू टाकला, तोही माझ्याकडे! मी हरखून गेले. चेंडू माझ्या कडेवर घुटमळत असताना चंदनसारच्या स्वप्नालीनं उडी मारली. तिची दोन बोटं माझ्या जाळीत अडकली, मी हलले आणि चेंडू बाहेर पडला.

चेंडू रिंगला टेकलेला असताना बचाव करणाऱ्यानं जाळी ओढली, तर बास्केट झाली असं धरतात. ॲनिशा पंच फर्डिनंड सरांकडे धावली. "सर, नेट खेचली तिने! रिंग केवढी हलली!"

"मी टच नाय केलं, सर," स्वप्नाली म्हणाली. "ही रिंग अशीच हलते. चेक करा ना."

सरांनी चेंडू माझ्यावर मारला. कुणाचाही हात नसताना मी कितीतरी वेळ डुगडुगत राहिले. लाजेनं मेल्यासारखं झालं मला.

"मी बोट पाहिलं नाही," सर म्हणाले. "आणि हिच्या हलण्यावर गुण कसे देऊ?"

"नव्या रिंगवर असतं तर दिले असते!" ॲनिशा रडत म्हणाली. माझ्या मनातलंच बोलली पोर. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी ती पप्पांना घेऊन आली. शिडी लावून तिनं स्वतः पान्यानं माझे बोल्ट आवळले. "पप्पा, आता घड इथे नाय टांगायचे."

पप्पांनी मान खाली घातली.

मित्रांनो, नवी अजून चमकते आणि मी अजून जळते. तुम्ही मला पुसू नका हवं तर, पण माझे बोल्ट तेवढे बघत जा. आता मी हलले, तर कुणाचा तरी हात लागलाय, हे नक्की समजा.