पिवळं फडकं

मला बसवत नव्हतं. स्वयंपाकघरात जायचे, नळ नीट बंद आहे ना ते बघायचे, परत यायचे. सूनबाई आपली तशीच फरशीवर मांडी घालून बसलेली. पुढ्यात कॉम्प्युटरचं पोट उघडं, टेबलावरचा स्क्रीन काळा ठिक्कर. आतले पंखे फिरत होते, घरघर ऐकू येत होती, बाकी काही नाही.

"अकरा वाजले," मी म्हणाले.

"हो, आई."

"चारला चित्रं द्यायचीत."

"माहितीये, आई."

तिच्या या शांतपणाचाच मला जास्त राग येत होता. समोरचं माणूस ओरडलं की आपल्यालाही ओरडता येतं. ही ओरडेल तर शपथ.

चित्रं म्हणजे स्वयंपाकघरांची. एक फर्निचरवाला आहे, त्याच्या गिऱ्हाइकांना ओटा कसा दिसेल, कपाटं कशी उघडतील, ते मी कॉम्प्युटरवर काढून देते. बावीस वर्षं हेच करतेय. या वेळी हॉस्पिटलच्या कॅन्टीनचं मोठं काम होतं. मागची दोन कामं माझ्याकडून उशिरा गेली, कारण आमचं मशीन एकेक चित्र पुरं करायला तासभर घ्यायचं. फर्निचरवाला भला माणूस, पण शेवटी तोही बोलला. "ताई, हे वेळेत आलं नाही तर पुढची कामं दुसऱ्याकडे द्यावी लागतील. वाईट वाटून घेऊ नका." वाईट वाटून घेऊ नका म्हणणाऱ्याला स्वतःला कधी वाईट वाटलेलं मी तरी पाहिलं नाही.

म्हणून सूनबाईने नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. घरात येऊन तिला जेमतेम तीन महिने झालेत, पण ऑफिसात ती दिवसभर कॉम्प्युटरच दुरुस्त करते. "आई, जुनं कार्ड दमलंय. हे बसवलं की तासाचं काम पाच मिनिटांत होईल," म्हणाली. आठ चित्रं उरली होती, जुन्या कार्डावर ती चारपर्यंत होणं शक्य नव्हतं. मी हो म्हटलं. सकाळी नऊला तिने झाकण उघडलं, जुनं कार्ड काढलं. मध्येच ऑफिसचा फोन आला म्हणून बाल्कनीत गेली, दहा मिनिटांनी आली, नवं कार्ड बसवलं आणि बटण दाबलं. तेव्हापासून हे असं.

स्क्रीनची वायर नव्या कार्डाला लावलीय की जुन्याच भोकात, ते तिने पाहिलं. कार्डाला वीज पुरवणारी जादाची वायर काढून परत लावली. कार्ड काढून खटकन आवाज येईपर्यंत दाबून बसवलं. दर वेळी बटण दाबायची आणि आम्ही दोघी त्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहायचो.

बाराला आमचे चिरंजीव उठून आले. सुट्टी होती त्यांची. दारातच उभे राहिले, हाताची घडी घालून.

"चालू होतं ते उघडायची काय गरज होती?"

सूनबाई वायरी तपासत राहिली.

"नवं कार्ड घरात आलं आणि मशीन बसलं," तो म्हणाला. "सोपं आहे."

"जुनं घालून बघते," सूनबाई म्हणाली. "जुन्यावर चालू झालं तर दोष कार्डाचा."

तिने जुनं कार्ड घातलं. बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळाच.

आता तिचा चेहरा उतरला. "म्हणजे कार्ड ठीक आहे," ती हळूच म्हणाली. "माझ्याच हातून काहीतरी बिघडलंय."

"कळतं म्हणून सांगत होतीस ना?" चिरंजीव म्हणाले.

ती मान खाली घालून स्क्रू गोळा करायला लागली. माझं लग्न झालं त्या आठवड्यात घरचा पाण्याचा पंप जळाला होता. सासूबाई जेवणाच्या ताटावर म्हणाल्या होत्या, "पायगुण." एकच शब्द. पस्तीस वर्षं झाली, अजून तो माझ्या घशात अडकलाय.

आणि तेव्हाच मला फडकं आठवलं.

सकाळी ती बाल्कनीत फोनवर होती तेव्हा मी उघड्या मशीनमध्ये डोकावले होते. आत ही एवढी धूळ! धूळ दिसली की माझे हात थांबत नाहीत, सगळ्या घराला ते माहीत आहे. ओट्यावरचं पिवळं फडकं आणलं आणि फिरवलं आतून. उभ्या पट्ट्या होत्या, त्याही चांगल्या घासून पुसल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं, तर "चहा ठेवू का?"

चहा ठेवला. फडकं नळावर वाळत होतं, कडेला दोरे सुटलेलं. मी ते काढून डब्यामागे कोंबलं. खाई त्याला खवखवे. कोण येणार होतं फडकं तपासायला? मग माझीच मला लाज वाटली आणि मी बाहेर गेले.

"त्या उभ्या पट्ट्या बघितल्यास का?"

"मेमरीच्या? त्यांना मी हातच लावला नाही, आई."

"तरी बघ."

तिने मोबाइलचा टॉर्च लावला आणि आत वाकली. बराच वेळ वाकलेलीच होती. मग चिमटीत काहीतरी धरून काढलं. पिवळा दोरा होता. तिने माझ्याकडे पाहिलं, दोरा मुठीत घेतला आणि अंगठ्याने एक पट्टी खाली दाबली. खट. मग नवं कार्ड परत घातलं, बटण दाबलं आणि स्क्रीन उजळला.

"काय झालं होतं?" मुलाने विचारलं.

"मेमरीची पट्टी वर आली होती. माझा कोपर लागला असणार."

आठही चित्रं चाळीस मिनिटांत झाली. दीड वाजता पाठवली, दोनला फर्निचरवाल्याचा फोन आला. "ताई, कमाल केलीत. पुढच्या महिन्याची कामं धरून ठेवा." जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मी आपली स्वयंपाकघर ते खोली, खोली ते स्वयंपाकघर. मला बसवतच नव्हतं.

चिरंजीव अजून शिकवत होते. "पुढच्या वेळी जरा कोपर सांभाळ. थोडक्यात वाचलो. आईचं काम गेलं असतं तुझ्यापायी."

"हो," ती म्हणाली आणि झाकणाचा स्क्रू पिळत राहिली.

"तिचा कोपर नव्हता," मी म्हणाले. "ती फोनवर होती तेव्हा मी आत फडकं फिरवलं. मशीन मी बंद पाडलं. आणि कळल्यावरही गप्प बसले."

मुलाने हाताची घडी सोडली. सूनबाईने मान वर केली नाही.

"आई," ती म्हणाली, "फडकं कोरडं होतं ना?"

आयुष्यात मला माझ्या फडक्याचा जाब कुणी विचारला नव्हता.

"जरासं ओलं होतं."

तिने मशीन बंद केलं आणि पिळलेला स्क्रू परत काढला. "मग या इथे, टॉर्च धरा. सगळं तपासू."

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले.