नर्मदाबाईनं जीप उठवली

भंगारवाला पुनमचंद ताडपत्री वर करून जीप बघत होता, तेव्हा तातेराव ओसरीतल्या बाजेवरून एकच शब्द बोलले. "न्या."

नर्मदाबाईच्या हातातलं सूप तसंच थांबलं. साखरेच्या दुखण्यात तातेरावांची नजर गेली, त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून जीप गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी होती. त्याआधी अठरा वर्षं तिनं गोरेगाव ते सेनगाव माणसं वाहिली. जिथं बैलं गुडघे टेकायची, त्या चिखलातून ती चारी चाकांवर निघून यायची. नजर गेल्यावर कितीतरी गिऱ्हाइकं दारात आली, पण तातेरावांनी कुणाला ताडपत्रीला हात लावू दिला नव्हता. आणि आज तोच माणूस भावसुद्धा न विचारता 'न्या' म्हणत होता. जीप जाईल याचं बाईला एवढं दुःख नव्हतं. नवरा आतून विझत चाललाय, हे तिला त्या एका शब्दात कळलं.

"पुनमचंदभाऊ, चहा घ्या अन् निघा," ती म्हणाली. "जीप द्यायची न्हाई."

"काय करता ठेवून, काकू? उंदराचं घर झालंय नुसतं."

"चालू करणार हाय मी."

पुनमचंद हसला. तातेराव हसले नाहीत. "येडी झालीस का? इंजिन जाम झालं असंल," एवढं बोलून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची भाकरी उरकून नर्मदाबाईनं पदर खोचला. अठरा वर्षं जीपच्या दुरुस्तीत तिनं नवऱ्याच्या हातात पाने दिले होते. कशानंतर काय खोलतात, हे तिच्या हातांना पाठ होतं. एअर फिल्टरमधून उंदरांनी साठवलेला कापूस निघाला, सरकीसकट. टाकीतलं डिझेल काकवीसारखं घट्ट झालेलं, अन् वास असा की म्हशीनं तोंड फिरवलं. पुतण्या बालाजी ट्रॅक्टर घेऊन रानात निघाला होता. तो थांबला, टाकी उतरवायला हात लावला आणि जाता जाता म्हणाला, "काकू, हे होत नसतंय."

इंजिन खरंच जाम होतं. पुढून इंजिन फिरवायचं हँडल घातलं तर ते खांबाला बांधल्यासारखं. बाईनं डिझेल फवारणारे चारही नोझल काढले, प्रत्येक भोकातून तेल ओतलं अन् सकाळ-संध्याकाळ हँडलला जोर लावायला लागली. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी ती चिडून हिसके मारत होती, तेव्हा ओसरीतून आवाज आला.

"हिसके काहून मारून राहिली? मोडशील! दाब दे अन् धरून ठेव."

तिनं वळून बघितलं नाही. सांगितलं तसं अंगाचा सगळा भार हँडलवर टाकला. आत कुठंतरी 'कट्' झालं आणि हँडल बोटभर खाली गेलं. मग हातभर. मग पुरता फेरा.

"फिरलं!" ती ओरडली.

"ऐकलं," तातेराव म्हणाले. पण ते बाजेवर उठून बसले होते.

नवा फिल्टर आला, नोझल बसले, बालाजीनं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. सेल्फ मारला की इंजिन गरागरा फिरायचं, दोन उचक्या द्यायचं आणि मरायचं. बाईनं पाइपातली हवा काढली, पुन्हा सेल्फ मारला. पुन्हा तेच. असं सातदा झालं. "पंप गेला, काकू. सोडा आता," बालाजी म्हणाला. बाई मडगार्डला टेकून खाली बसली. दंड भरून आले होते, डोळेही.

तेवढ्यात काठीची टकटक आली. भिंत चाचपत तातेराव जीपपर्यंत आले.

"बाजूला व्हा रे. पंप न्हाई गेला, हवा ओढून राहिली कुठून तरी. नर्मदे, डिझेलचा हातपंप मार. हळू."

ती पंप मारत राहिली. त्यांनी मान इंजिनात घातली, कान लावला, टाकीकडून आलेल्या पाइपवरून बोट सरकवत नेलं. एका नटाशी बोट थांबलं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"हितं पाझरतंय. तांब्याचा वायसर बदला."

वायसर बदलला. बाई सीटवर चढली आणि तिनं सेल्फ मारला. एक उचकी, दुसरी, आणि मग आधी पांढरा, मागून काळा धूर सोडत जीप भडभडून उठली. कोंबड्या पांगल्या, म्हशीनं खुंटा उपटला, बालाजी दोन्ही हात वर करून नाचायला लागला. तातेरावांनी बोनेटवर तळहात ठेवला.

"चौथं सिलेंडर मागं हाय," ते म्हणाले. "गरम झालं की येतं."

आणि खरंच, घटकाभरात इंजिन एका सुरात आलं.

ब्रेकचं काम तातेरावांनी स्वतः केलं, दोन दिवस खपून, नुसत्या बोटांनी. तिसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "माळावर चल."

माळावरचं त्यांचं रान दगडी चढणीच्या वर होतं. नजर गेल्यापासून त्यांचे पाय तिथं लागले नव्हते. बाईनं जीप याआधी फक्त सपाट रानात हाकली होती. चढणीखाली तिनं गाडी थांबवली.

"बारका दांडा टाक. आता चारी चाकं ओढतील. अन् मधी थांबायचं न्हाई."

अर्ध्या चढावर चाक जागच्या जागी फिरलं, दगड मागं उडाले, जीप आडवी सरकली. बाईचा पाय क्लचवर गेला.

"दाबू नको! रेस तशीच ठेव!"

तिनं दात आवळून पाय उचलला. जीप गुरगुरली, थरथरली, आणि दगडात नखं रोवल्यासारखी वर चढली. खाली बांधावर उभ्या बालाजीची शिट्टी वरपर्यंत ऐकू आली.

वर हरभरा निघालेलं मोकळं रान पसरलेलं होतं. तातेराव उतरले. वाकून त्यांनी एक ढेकूळ हातात चुरलं, मग बोनेट धरत बाईच्या बाजूला आले.

"सरक तिकडं."

"आवो, दिसतं का काही तुमाला?"

"समोर आडवं काय हाय?"

बाईनं नीट बघितलं. झाड नव्हतं, विहीर नव्हती, गुरं नव्हती. दूरच्या बांधापर्यंत नुसती भुई.

"काहीच न्हाई."

"मंग?"

ती सरकली. तातेरावांनी स्टेअरिंगवर हात ठेवले, गिअर टाकला आणि जीप अशी सुटली, जणू कालच उभी केली होती. वारं तोंडावर येत होतं, पांढरे केस उडत होते, आणि ते मोठ्यानं हसत होते.

"थोडं उजवीकडं," नर्मदाबाई म्हणाली. "आता सरळ. एकदम सरळ."

तातेरावांनी तिसरा गिअर टाकला.